सरांचा फायनल टच

किस्से जमवायला आम्हाला काही करावं लागलं नाही. फक्त ॲडमिशन घ्यावी लागली, बाकी सगळं आमच्या थोरामोठ्यांनी केलं. अकादमी सोडून मला आठ महिने झाले. तरी वर्गातला हितेश आणि मी अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनबाहेर चहाला भेटलो की एकाने "ते आठवतं का" म्हणायचा अवकाश, दुसऱ्याचा चहा गार. शेजारच्या बाकावरचे लोकसुद्धा ऐकून हसतात. मीही हसते. मग घरी जाताना जिन्यात आठवतं की हे खरोखर घडलंय, साठीच्या माणसांनी शुद्धीत केलंय, आणि मी तिथे उभी राहून टाळ्या वाजवल्यात.

आधी जागा सांगते. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, रस्त्यापासून आत, एक दुमजली इमारत आहे. खाली कलाशाळा, वर म्युझियम. तिघांनी मिळून काढली. एक सर, पोर्ट्रेटवाले. दुसऱ्या मॅडम, सरांच्या बायको, म्युझियम त्यांच्या ताब्यात. तिसरे भोईर मास्तर, पुतळे करतात. इमारत उभी आहे ती त्यांच्या वडलांची भातशेती. सरकारी कॉलेजात कारकून कलाकारांना नाचवतात, म्हणून यांनी ठरवलं की आपली अकादमी कलाकारच चालवतील. प्रत्येक निर्णय तिघांच्या मतदानाने. सर आणि मॅडम नवराबायको. आजवरचं प्रत्येक मतदान दोन विरुद्ध एक झालंय.

मी सोडलं ते एका चित्रामुळे. माझ्या बाबांचं चित्र, मी काढलेलं. ते वर म्युझियममध्ये लटकलंय. त्यात एक चूक आहे, जी मी केलेली नाही. बाबांनी ते पाहू नये म्हणून मी आठ महिने थापा मारल्या. ते शेवटी सांगते. आधी बाकीचे ऐका, म्हणजे माणसं कळतील.

*

ॲडमिशनचा इंटरव्ह्यू. मी माझी स्केचबुक घेऊन गेले होते, चोवीस पानं. सरांनी ती उघडली, खिशातून पेन्सिल काढली आणि माझं नाव विचारायच्या आधी पहिल्या पानावरची बादली दुरुस्त केली. मग दुसरं पान. मग तिसरं. वडापाववाल्याची कढई, शेजारच्या काकूंचे पाय, आमच्या बिल्डिंगचा जिना. मी समोर उभी. वीस मिनिटं फक्त पेन्सिलीचा आवाज.

शेवटच्या पानावर हत्ती होता. माझ्या चार वर्षांच्या भाचीने काढलेला. ती आमच्याकडे राहायला आली होती तेव्हा वही तिच्या हाती लागली होती. सरांची पेन्सिल थांबली. त्यांनी मॅडमना हाक मारली.

"हे बघ. बाकी सगळं घोटलेलं आहे. पण इथे हात मोकळा झालाय हिचा."

मी काही बोलले नाही. ॲडमिशन हवी होती.

मग त्यांनी नाव विचारलं. सांगितलं. "पूर्ण नाव." आडनाव सांगितलं. ते ऐकून सरांनी मिटवलेली वही पुन्हा उघडली आणि सगळी पानं परत एकदा पाहिली.

"तुमच्याकडे हे कुठून आलं?"

घरात आणखी कोणी चित्रं काढतं का, असं त्यांना विचारायचं असेल. तेव्हा मी स्वतःला असंच समजावलं होतं. एकोणीस वर्षांची होते. आता नाही समजावत.

*

फायनल टच ही आमच्याकडची रीत. आपलं चित्र आपण संपवायचं नाही. संपत आलं की सरांना जाऊन सांगायचं. मग सर येणार, सगळा वर्ग हातातली कामं टाकून गोल उभा राहणार, कोणीतरी धुतलेला ब्रश पुढे करणार, आणि सर तीन मिनिटांत चित्र पूर्ण करणार. मग टाळ्या. ज्याचं चित्र असेल त्याने सगळ्यात जोरात वाजवायच्या. टच मिळाल्याशिवाय चित्र वर म्युझियममध्ये जात नाही, आणि वर गेलं नाही तर तू तीन वर्षं काय केलंस?

हितेश उल्हासनगरच्या कॅम्प एकचा. त्यांचं कपड्याचं दुकान आहे आणि गल्ल्यावर त्याची दादी बसते. त्याने दादीचं चित्र काढलं. खरंच चांगलं होतं. पांढरी ओढणी, जाड भिंगांचा चष्मा, आणि आलेलं गिऱ्हाईक काही घेणार की नुसतं कापड चाचपणार, हे ओळखणारी नजर.

सर आले. तीन मिनिटं. दादीच्या नाकात मोत्यांची नथ आणि हातात हिरव्या बांगड्या.

"सर, ये मेरी दादी है," हितेश म्हणाला. "सिंधी आहे ती. नथ नाही घालत."

"आजी ही आजी असते. कलेला प्रांत नसतो."

प्रांत नसतो म्हणून मॅडमनी वर लेबल लावलं, 'कोकणातली आजी'.

हितेशच्या पप्पांना मात्र अभिमान. त्यांनी चित्राचा फोटो काढला, फ्रेम केला आणि दुकानात गल्ल्याच्या बरोबर वर लावला. दोन महिन्यांनी मी भाचीसाठी फ्रॉक घ्यायला गेले, तर गल्ल्यावर दादी बसलेली. नाकात मोत्यांची नथ, हातात हिरव्या बांगड्या.

मी हितेशकडे बघितलं. तो कापडाची घडी घालत बसला.

"क्या करें बेटा," दादी म्हणाली. "सब पूछते थे ये फोटो में कौन है."

*

लाइफ क्लास, म्हणजे समोर माणूस बसवून चित्र काढायचा तास. वांगणीहून एक मावशी यायच्या. साठ-पासष्टच्या, सकाळी भाजी विकून झाली की इकडे. तोंडावर इतक्या सुरकुत्या की आम्ही कोळसे परजून बसलेलो.

सरांनी मावशींना स्टुलावर बसवलं. मग आमच्याकडे तोंड करून बघण्यावर बोलले. कलाकार म्हणजे डोळा. जग बघत नाही, कलाकार बघतो. बघणं ही पूजा आहे. पाऊण तास. मावशींना बिचाऱ्यांना डुलकी लागली.

मग सर मागे वळून म्हणाले, "मावशी, तुम्ही जरा बाहेर चहा घेऊन या." आणि रिकाम्या स्टुलासमोर उभं राहून चित्र काढायला लागले.

काढून झालं. पंचविशीची बाई, कमरेवर घागर.

मला राहवलं नाही. "सर, मग मावशींना कशाला बोलावलं?"

"शिस्त म्हणून," सर म्हणाले. "आणि तुझ्यासाठी. तुला बघावं लागतं. मला तीस वर्षं झाली. मला माणूस पाठ आहे."

सगळ्या वर्गाने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. मीपण. खाली रेघसुद्धा मारली.

*

भोईर मास्तरांना पुतळ्यांची ऑर्डर खूप. चौक झाला की पुतळा लागतोच. एकदा इकडच्या एका पुढाऱ्याने स्वर्गीय वडलांच्या अर्धपुतळ्याची ऑर्डर दिली. फोटो एकच, कुठल्यातरी लग्नातला, आणि त्यात वडील हाराच्या मागे झाकलेले. दिसतात ते फक्त कान.

मास्तरांनी काय करावं? पुढाऱ्याचाच बॅनर समोर टांगला. तोच चेहरा, गाल थोडे आत, मिशी पांढरी, वर टोपी. चार दिवसांत माती तयार.

घरची माणसं बघायला आली. मोठी बहीण हुंदके देऊन रडली. म्हणाली, "अगदी अण्णा." पुढाऱ्याने चपला काढल्या, पुढे झाला आणि स्वतःच्याच तोंडापुढे डोकं टेकवलं.

ते गेल्यावर मी म्हटलं, "मास्तर, हे फसवणं आहे."

मास्तर हात धूत होते. "पोरी, बापासारका पोर दिसतं, का पोरासारका बाप? बहीन रडली ना? मंग झाला."

मास्तरांचं मला पटलं नाही, अजून पटत नाही. पण एक कबूल करते. ते निदान बॅनरकडे बघत होते.

*

उल्हास नदी फुगली की आमच्या मागच्या ओढ्याला उलटं पाणी येतं. हे भोईर मास्तरांच्या वडलांना ठाऊक होतं, त्यांच्या बैलांना ठाऊक होतं. इमारत बांधताना मास्तर म्हणाले होते, जोतं उंच घ्या. मतदान झालं. दोन विरुद्ध एक. उंच जोत्याने दर्शनी भाग बेढब दिसतो.

एका जुलैत सकाळी दहाला पाणी व्हरांड्याला लागलं. आम्ही बावीसजण. खाली रॅकवर आमच्या सगळ्यांची वर्षभराची कामं, परीक्षेला दाखवायची. मॅडम जिन्यात उभ्या राहिल्या आणि एकेकाला वर काय न्यायचं ते सांगू लागल्या.

पहिलं, सरांचा प्लास्टरचा पुतळा, मास्तरांनी केलेला. चौघांनी उचलला. मग सरांची खुर्ची. मग सरांच्या सत्कारांच्या फोटोंची पेटी. मग ऑफिसमधला एसी, तो भिंतीतून काढायला हितेश स्टुलावर चढला, स्टूल पाण्यात. पाणी गुडघ्याला आलं तेव्हा मी विचारलं, "मॅडम, आमचा रॅक?"

"अगं, तुम्ही तरुण आहात. पुन्हा काढाल."

दुपारी पाणी उतरलं. चिखलात कागदांचा लगदा. एक फर्स्ट इयरची मुलगी खाली बसून तो लगदा हाताने वेगळा करत होती, एकेक कागद, आणि रडत होती. सर वरून उतरले. पँट कोरडी. त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं.

"आज निसर्गाने तुम्हाला फायनल टच दिला," ते म्हणाले.

आणि काही जणांनी टाळ्या वाजवल्या. आईशप्पथ.

*

आता बाबांचं चित्र.

बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत पत्रा कापायच्या प्रेसवर काम करतात. मी जन्मायच्या आधी प्रेसखाली त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, करंगळी आणि तिच्याशेजारचं. आमच्या घरातल्या एकाही फोटोत तुम्हाला तो हात दिसणार नाही. खिशात असतो, आईच्या पाठीमागे असतो, माझ्या बारशाच्या फोटोत टॉवेलखाली आहे. शाळेत पालकसभेला आले की डाव्या हाताने सही करायचे.

मी म्हटलं, तुम्हाला काढायचंय. अकरा रविवार बसले. पहिल्या दोन रविवारी हात मांडीखाली. तिसऱ्या रविवारी त्यांनी तो आपणहून गुडघ्यावर ठेवला.

"नीट काढ," म्हणाले. "जेवढं आहे तेवढंच काढ. उगा कमी नको, जास्त नको."

आई स्वयंपाकघरातून डोकावून गेली आणि परत आत जाऊन भांडी आपटत राहिली. रडत असली की ती भांडी घासते.

चेहरा मला ठीकठाक जमला. पण तो हात जमला. मला माहीत होतं जमलाय. आयुष्यात मी एवढी एकच गोष्ट बरोबर केली असेल.

मला सरांना सांगायचं नव्हतं. मॅडमनीच सांगितलं. सर आले, वर्ग गोल उभा राहिला, कोणीतरी ब्रश दिला. सरांनी चित्र बघितलं, "हंऽ" केलं, आणि हाताकडे वळले. मला वाटलं सावली गडद करतील. त्यांनी करंगळी काढली. मग तिच्याशेजारचं बोट. नखंसुद्धा.

"ॲनाटॉमी कच्ची आहे तुझी," ब्रश पुसत म्हणाले.

"सर, बाबांना ती बोटं नाहीत."

सर एक क्षण थांबले. मला वाटलं, आता सॉरी म्हणतील.

"बाबांना नसतील," सर म्हणाले. "चित्राला हवीत. बघणाऱ्याला त्रास का द्यायचा?"

मग टाळ्या. हितेशने वाजवल्या नाहीत. मीही नाही. ओल्या रंगावर फडकं मारायला मी पुढे झाले, तर मॅडमनी कॅनव्हास उचलला. "आता हे म्युझियमचं झालं. सरांचा टच आहे यावर. याला कोणी हात लावायचा नाही." मी म्हटलं, मतदान घ्या. घेतलं. भोईर मास्तरांनी माझ्या बाजूने हात वर केला. दोन विरुद्ध एक.

त्या आठवड्यात मी सोडलं. घरी सांगितलं, सरांशी पटत नाही. बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ते चित्र बघायला कधी जायचं?"

म्युझियम बंद आहे. रंगकाम चालू आहे. चित्र दिल्लीला प्रदर्शनाला गेलंय. ही शेवटची थाप मला महागात पडली, कारण बाबांनी कारखान्यातल्या अख्ख्या शॉपला सांगितलं की त्यांचा हात दिल्लीला गेलाय. चेहरा नाही म्हणाले. हात म्हणाले.

*

म्युझियमचा वर्धापनदिन होता. त्या दिवशी चित्रांसाठी बसलेल्या माणसांना शाल देतात. मॉडेलच्या फॉर्मवर आमचा पत्ता होता, त्यामुळे कार्ड थेट बाबांच्या हातात. माझी काही कारणं चालली नाहीत. त्यांनी लग्नातला शर्ट इस्त्री करून घेतला.

"तुला नसेल यायचं तर नको येऊ," म्हणाले. "मी जाऊन येतो."

मी गेले. रिक्षात दोनदा सांगायला तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. सरांना तोंडावर बोलणारी मी, बाबांना सांगू शकले नाही. हेही लिहून टाकते.

आम्ही वर गेलो. बाबा चित्रासमोर उभे राहिले. मी त्यांच्या मागे. त्यांनी उजवा हात खिशातून काढला, बघितला, परत खिशात घातला.

"रंग चांगला लागलाय," म्हणाले आणि जिना उतरायला लागले.

"बाबा, ते मी नाही…"

"माहितीय," ते म्हणाले. "तू अकरा रविवार बघत होतीस."

खाली मंडपात पन्नास-साठ माणसं. पाहुणा म्हणून बोलावलेल्या पुढाऱ्याला यायला उशीर होता, म्हणून सरांनी जाहीर केलं की तोवर ते प्रात्यक्षिक देतील, समोर बसलेल्या माणसाचं चारकोलमध्ये चित्र. "कोण बसतंय?" कोणी उठायच्या आत बाबा चालत गेले. मी आजवर त्यांना कुठल्याच स्टेजवर चढताना पाहिलं नव्हतं. ते खुर्चीत बसले आणि उजवा हात गुडघ्यावर ठेवला. तीन बोटं, पसरून, लोकांकडे करून. पुढच्या रांगेतल्या एका बाईने मान वळवली.

सरांनी त्यांना ओळखलं नाही. माईक शर्टाला लावला आणि सुरू झाले. काढता काढता बोलत होते, बोलता बोलता लोकांकडे बघत होते. कलाकार म्हणजे डोळा. जग बघत नाही, कलाकार बघतो. कपाळ झालं, मिशी झाली, खांदा झाला. हाताला त्यांना दहा सेकंद लागले.

पाच बोटं.

सगळ्यांना दिसत होतं. खुर्चीतला हात दिसत होता, कागदावरचा दिसत होता. अकादमीचे वीसेक विद्यार्थी, त्यांचे आईबाप, मॅडम, कोणी तोंड उघडलं नाही. भोईर मास्तर मागे उभे होते, तेवढे पुढे यायला निघाले. हितेशने माझं मनगट धरलं होतं, मी धावत जाईन म्हणून.

"झालं," सर म्हणाले. "या, बघा स्वतःला."

बाबा उठले. कागदासमोर उभे राहिले. मग त्यांनी उजव्या हाताचा अंगठा कागदाला लावला आणि करंगळी पुसली. खालून वर, सावकाश, प्रेसमधून निघालेल्या जॉबवरचं तेल पुसतात तशी. मग शेजारचं बोट. चारकोल अजून फवारा मारून पक्का केलेला नव्हता, सगळा निघाला.

"अहो, अहो, हे काय करताय," सर म्हणाले. माईक चालू होता, त्यामुळे सगळ्या मंडपाने ऐकलं. "पूर्ण झालं होतं ते."

बाबांनी अंगठा पँटला पुसला, परत जाऊन खुर्चीत बसले आणि हात गुडघ्यावर ठेवला.

"मी बसतो," ते म्हणाले. "मला घाई नाही."